औषध मिळालंच नाही

तुम्ही दुखण्याच्या डॉक्टर कशा झालात, असं कुणी विचारलं की डॉक्टरबाई एकच गोष्ट सांगायच्या. नव्या डॉक्टरांच्या वर्गात सांगायच्या, परिषदांमध्ये सांगायच्या, मुलाखत घ्यायला आलेल्यांनाही सांगायच्या. इतक्या वेळा सांगूनही ती गुळगुळीत झाली नव्हती, कारण सांगताना दर वेळी त्यांचा आवाज त्याच ठिकाणी अडायचा.

त्यांचे वडील हेडमास्तर होते. सगळ्या शाळेला धाकात ठेवणारे, पण आवाज कधी न चढवणारे. त्यांना कॅन्सर झाला आणि तो पाठीच्या मणक्यात उतरला. आई आधीच गेलेली. घरात वडील, सोळा वर्षांची ही आणि वडिलांच्या आजारपणासाठी घरी परतलेला मोठा भाऊ, दादा. शेवटच्या दिवसांत हेडमास्तर उशीचं टोक दातांत धरून ओरडायचे. शेजारचे लोक खिडक्या लावून घ्यायचे. एका दुपारी दादाने तिला एका औषधाचं नाव पाठ करायला लावलं, मॉर्फिन, आणि म्हणाला, "सायकल काढ, मिळतंय का बघ." ती गावातल्या प्रत्येक औषधाच्या दुकानात गेली. तिथे मिळेना म्हणून पुढच्या गावापर्यंत गेली. एक दुकानदार हसला, एकाने दम भरला, एकाने तर तुझ्या घरी कोण मोठं आहे का म्हणून विचारलं. संध्याकाळी ती रिकाम्या हाताने परतली तेव्हा दादाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "तू तुझ्याकडून होईल ते केलंस, छोटे."

"औषध मिळालंच नाही," असं म्हणून डॉक्टरबाई थांबायच्या. मग पुढे म्हणायच्या, "आमच्या गावच्या डॉक्टरांना पाठीवर थोपटण्यापलीकडे काही येत नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं, की माझ्यासमोर कुणी असं ओरडत मरणार नाही."

आणि तसं त्यांनी केलंही. आधी भूलतज्ज्ञ झाल्या. दहा-बारा वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये लोकांना झोपवण्यात आणि उठवण्यात गेली. मग बाहेर जाऊन दुखण्याचं वेगळं शिक्षण घेऊन आल्या आणि हॉस्पिटलकडे स्वतंत्र विभाग मागितला. मिळाली एक खोली, थिएटर आणि धुतलेल्या चादरींचं कोठार यांच्यामध्ये. खिडकी नव्हती. सर्जन मंडळी त्या खोलीला 'कण्हणाऱ्यांचं खातं' म्हणायची. "कापलंय म्हटल्यावर दुखणारच," असं एक ज्येष्ठ सर्जन त्यांना तोंडावर म्हणाले होते. "मग तुमचा दात काढताना सुई घेऊ नका," असं बाईंनीही त्यांना तोंडावरच सांगितलं होतं. पुढे त्याच सर्जनची कंबर धरली, तेव्हा ते मागच्या दाराने त्याच खोलीत आले. त्यानंतर थट्टा थांबली. आता विभागाला अख्खा मजला होता. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बाई बारीक सुई नेमकी नसेशेजारी नेऊन ठेवायच्या आणि वर्षानुवर्षं न झोपलेली माणसं त्या रात्री घोरायची.

हाताखालच्या डॉक्टरांना त्यांचं पहिलं सांगणं ठरलेलं असे. "पेशंट दुखतंय म्हणाला की दुखतंय. आपण पोलीस नाही. आधी विश्वास ठेवायचा, मग तपासायचं."

नवा मजला सुरू झाला तेव्हाच्या समारंभात दादा पहिल्या रांगेत बसला होता. गोष्ट औषधाच्या दुकानांपाशी आली तशी त्याने मान खाली घातली आणि रुमालाने डोळे पुसले. सगळ्यांनी पाहिलं. "तुमचा भाऊ किती हळवा आहे हो," असं नंतर कितीतरी जण बाईंना म्हणाले. बाईंनाही ते माहीतच होतं. वडिलांच्या मागे दादानेच त्यांना वाढवलं, शिकवलं. सुतारकाम करून, दिवसभर भुशात खोकत त्याने बहिणीला डॉक्टर केलं. त्याच्यावर त्यांचा डोळे मिटून विश्वास होता.

त्या समारंभानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळच्या ओपीडीत, एक म्हातारे गृहस्थ आत आले. शर्टची वरची बटणं उघडी, कारण कापड अंगाला टेकलेलंही सहन होत नव्हतं. छातीच्या उजव्या अंगाला नागीण होऊन गेली होती. फोड केव्हाच सुकले होते, पण आग राहिली होती. बाईंनी मान वर केली आणि ओळखलं. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, पाठ वाकली होती, पण डोकं एका बाजूला कलतं ठेवायची सवय तीच होती.

"डॉक्टरकाका," त्या म्हणाल्या.

"ओळखलंस," म्हातारे डॉक्टर म्हणाले. "मला वाटलं, नाही ओळखणार. किंवा ओळखून न ओळखल्यासारखं करशील."

बाईंनी त्यांना टेबलावर झोपवलं. कापसाचा बोळा घेऊन त्यांच्या छातीवर कुठे हुळहुळतं, कुठे भाजतं, कुठे काहीच कळत नाही, हे तपासत राहिल्या. हात कामात चोख होते, आवाज मात्र कोरडा होता. आपल्या वडिलांना ओरडत ठेवणारा माणूस आज आपल्याच टेबलावर झोपलाय, हे डोक्यातून जात नव्हतं. जेव्हा वडील गेले, तेव्हा दारात चपला काढणाऱ्या माणसांसमोर सोळा वर्षांची ती याच माणसाला म्हणाली होती, "तुम्ही काहीच केलं नाहीत." आणि त्याने नुसती मान खाली घातली होती.

"दोन-तीनदा नस बधिर करावी लागेल," बाई म्हणाल्या. "आराम पडेल. पुढच्या वेळी घरातलं कुणीतरी बरोबर आणा."

म्हातारे डॉक्टर उठून बसले. बटणं लावायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. "तुझं भाषण मी ऐकलं," ते म्हणाले. "नातीने मोबाईलवर लावून दिलं. तिला ठाऊक नाही तो गावचा डॉक्टर कोण ते."

"तुम्हाला लागलं असेल तर..."

"लागलं. पण मी भांडायला नाही आलो गं. खरंच दुखतंय म्हणून आलो. आता या वयात गप्प बसून मी कुणाचं भलं करणार आहे, ते मला कळेना, एवढंच." त्यांनी श्वास घेतला. "औषध मी आणलं होतं."

बाईंच्या हातातला बोळा तसाच राहिला.

"आपल्या गावच्या दुकानात ते मिळणारच नव्हतं. कुठल्याच दुकानात नाही. मी तुझ्या दादाला आधीच तसं सांगितलं होतं. नाव सांगितलं, मॉर्फिन म्हणून. म्हटलं, मोठ्या हॉस्पिटलात ओळख काढून बाटली घेऊन येतो, मंगळवारी दुपारी येईन. आलो. बस बदलून, पिशवी मांडीवर धरून. दादा दारात उभा होता. म्हणाला, नको आम्हाला. मी समजावलं. तो म्हणाला, बाबांना काही झालं तर तुम्हाला जबाबदार धरीन. आतून तुझ्या वडिलांनी हाक मारली, डॉक्टर आले का रे? तुझा दादा माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, नाही बाबा, दूधवाला आहे."

बाईंनी बोळा ट्रेमध्ये टाकला. म्हातारे डॉक्टर बोलतच राहिले.

"दुसऱ्या दिवशी परत गेलो. दार उघडलंच नाही. मी बाटली जिथून आणली तिथे नेऊन दिली. तुझा दादा म्हणाला होता, धाकटीला कळू देऊ नका, तिची परीक्षा आहे. मीही घाबरट होतो. मी आत घुसायला हवं होतं."

बाईंनी विश्वास ठेवायचा नाही असं ठरवायचा प्रयत्न केला. म्हातारं माणूस आहे, स्वतःची लाज झाकायला काहीतरी रचत असेल. पण एक गोष्ट त्यांना खटकली. इतकी वर्षं त्या ही गोष्ट सांगत आल्या होत्या आणि इतक्या वर्षांत एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं, की गावात कुणालाच माहीत नसलेल्या औषधाचं नाव अर्धवट शिकलेल्या दादाला सांगितलं कुणी?

सायकलवर पाठवलं त्या दिवशी दादाने तिला शाळेतही जाऊ दिलं नव्हतं. मंगळवारच होता. चित्रकलेचा तास बुडाला म्हणून ती हळहळली होती.

"बुधवारी या," त्या एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. दुपारपर्यंतचे सगळे पेशंट त्यांनी नीट तपासले. मग सिस्टरला म्हणाल्या, मला जरा बरं नाही. वीस वर्षांत असं त्या पहिल्यांदा म्हणाल्या होत्या.

रविवारी सकाळी त्या दादाच्या फर्निचरच्या कारखान्यावर गेल्या. कामगारांना सुट्टी होती. दादा एकटाच एका खुर्चीच्या पाठीवर रंधा मारत होता. केस पांढरे झाले तरी सुट्टीच्या दिवशी हात चालवल्याशिवाय त्याला करमत नसे.

"ये छोटे. चहा सांगू?"

"डॉक्टरकाका आले होते माझ्याकडे."

रंधा अर्ध्यात थांबला, मग पुन्हा चालू झाला. "आहेत का अजून? काय झालंय त्यांना?"

"नागीण. दादा, त्या दिवशी दारात कोण आलं होतं?"

"कुठल्या दिवशी?"

"ज्या दिवशी तू मला सायकलवर पाठवलंस."

दादाने रंधा बाजूला ठेवला. बोटांवरचा भुसा फुंकला. खोटं बोलायचं झालं तर तो इतका वेळ घ्यायचा नाही, हे बाईंना ठाऊक होतं. याच दादाने एकेकाळी कॉलेज सोडून दोन वर्षं घरी 'अभ्यास चाललाय' म्हणून कळवलं होतं. ते उघडकीला आलं तेव्हा हेडमास्तरांनी त्याला घराबाहेर काढलं आणि पुढे कितीतरी वर्षं त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. आजारपणात तो आपण होऊन आला, त्यांना उठवू-बसवू लागला, तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं होतं.

"तुला सांगितलंय ना त्यांनी," दादा म्हणाला. "मग मला कशाला विचारतेस?"

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"आला होता म्हातारा. मी परत पाठवला." तो स्टुलावर बसला. "तो म्हणाला होता, औषध दिलं की झोपून राहतील, गुंगीत असतील. बाबा माझ्याशी किती वर्षांनी बोलत होते, तुला माहितीये? रात्री मी पाय दाबत बसायचो आणि ते बोलायचे. मी म्हटलं, आणखी थोडे दिवस. एवढंच मागितलं मी. झोपून गेले असते तर मला काय राहिलं असतं?"

"ते ओरडत होते, दादा."

"मला ऐकू येत नव्हतं असं वाटतं तुला?"

"उशी फाटली होती त्यांच्या दातांनी. आणि तू मला दुकानादुकानात पाठवलंस. नाही मिळणार हे माहीत असून."

"तू घरात असतीस तर डॉक्टरला आत घेतलं असतंस."

हे तो इतक्या सहज म्हणाला, की बाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी अर्धवट झालेल्या खुर्चीची पाठ धरली.

"काय बोलायचे ते तुझ्याशी?" त्यांनी विचारलं. "एवढं महत्त्वाचं काय बोलले?"

दादाने मांडीवरचा भुसा झटकला. "आधी बोलायचे. शाळेतलं, आईचं. शेवटी शेवटी नाही." त्याने मान वळवली. "शेवटी नुसतं एकच विचारायचे, डॉक्टर आले का म्हणून."

बाहेर कुणीतरी फाटकावरून हातगाडी ढकलत नेत होतं. तिची कुरकुर दूर दूर जात गेली.

"मी तुला शिकवलं," दादा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आता थोडी धार आली होती. "माझ्या अंगावर नवा शर्ट आला नाही, पण तुझी पुस्तकं आली. ते कशासाठी केलं असेल मी? आणि एक सांगू? त्या दिवशी औषध मिळालं असतं, तर तू आज कुठेतरी सर्दी-खोकल्याचे पेशंट बघत बसली असतीस. एवढी मोठी झालीस, ती त्यातूनच झालीस ना?"

बाईंनी खुर्चीची पाठ सोडली. डोक्यावरून फिरलेला तो हात, पहिल्या रांगेतला तो रुमाल, सगळं एका क्षणात दुसरंच काहीतरी होऊन बसलं. म्हणजे प्रत्येक वेळी मी ही गोष्ट सांगताना याला आतून बरं वाटत असणार. फेडलं, असं वाटत असणार.

"माझं आयुष्य तुझ्या अपराधाचं प्रायश्चित्त नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून तू ते करून घेतलंस, मला न विचारता. आणि त्या म्हाताऱ्याला गावोगाव खलनायक केलंस, तेही माझ्या तोंडून. तू समोर बसून ऐकत होतास. एकदा तरी मला थांबवायचंस."

"कसं थांबवणार होतो? टाळ्या वाजत होत्या."

त्या परत आल्या त्या मागच्या घरात असलेल्या वहिनींना न भेटताच. वहिनींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांचे फोन आले, ते घेतले, इकडचं तिकडचं बोलून ठेवले. दादाचे आले ते घेतले नाहीत.

त्यानंतरचे काही आठवडे बाईंनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. काम चालू होतं. पण वॉर्डातून फिरताना कुणी नातेवाईक "आम्ही ठरवलंय," म्हणाला की त्यांच्या अंगाची लाही व्हायची. असाच एकदा हाडाच्या वॉर्डात एक चांगला शिकलेला मुलगा त्यांना म्हणाला, "आईला ते कडक औषध नको, तिला सवय लागेल." बाईंनी त्याला बाहेर जायला सांगितलं. सांगितलं म्हणजे दरडावलंच. सिस्टर चपापली. मग बाईंनी खुर्ची ओढली, त्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडाशी वाकल्या आणि विचारलं, "आजी, तुम्हाला काय हवंय?" म्हातारी डोळे न उघडता म्हणाली, "झोप." बाईंनी स्वतः औषध दिलं आणि नंतर बाहेर जाऊन त्या मुलाजवळ बसल्या. ओरडल्याबद्दल माफी मागितली. मग सवय म्हणजे काय, गुंगी म्हणजे काय, आई झोपून उठल्यावर तुमच्याशी बोलेलच, हे सगळं सावकाश समजावलं. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, की हे सगळं कुणीतरी दादाला समजावायला हवं होतं. आणि हेही लक्षात आलं, की त्यामुळे राग तसूभरही कमी झालेला नाही.

म्हाताऱ्या डॉक्टरांना दुसऱ्या सुईनंतर चांगलाच आराम पडला. शर्टाची सगळी बटणं लावून ते आले. बाईंनी त्यांना समोर बसवलं.

"काका, मी तुमच्याबद्दल चारचौघांत जे बोलले, त्याची मला लाज वाटते."

"तू जे पाहिलंस ते बोललीस," ते म्हणाले. "आणि सगळं खोटं नव्हतं ते. मी दारातून परत गेलोच होतो."

"हो," बाई म्हणाल्या. "तुम्ही आत यायला हवं होतं."

म्हाताऱ्यांनी मान हलवली. या 'हो'मुळे ते दुखावले नाहीत. उलट बऱ्याच वर्षांनी कुणीतरी आपल्याशी सरळ बोललं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पुढे नव्या डॉक्टरांची तुकडी आली. नेहमीप्रमाणे कुणीतरी विचारलं, मॅडम, तुम्ही या क्षेत्रात कशा आलात? मागे बसलेल्या जुन्या मंडळींना गोष्ट पाठ होती. बाई टेबलाला टेकून उभ्या राहिल्या.

"माझे वडील फार दुखण्यात गेले," त्या म्हणाल्या. "औषध होतं. ते घेऊन येणारा डॉक्टरही होता. आमच्याच घरातल्या माणसाने त्याला दारातून परत पाठवलं आणि तोही परत गेला. वडील आत जागे होते. त्यांना कुणीच विचारलं नाही." त्यांचा आवाज या वेळी कुठे अडला नाही. "तेव्हा तुम्ही दाराशी थांबू नका. खाटेपर्यंत जा आणि ज्याला दुखतंय त्याला विचारा. बाकीचं मी शिकवीन."

मागच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं.

दादा आला तो त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, भर ओपीडीच्या वेळी. इस्त्रीचा शर्ट घालून बाकावर पेशंटांच्या मध्ये बसला होता. बाई एका माणसाला सोडायला दारापर्यंत आल्या तेव्हा त्यांची नजर गेली. तो उठला. जवळून पाहिलं तर खूप उतरला होता.

"छोटे," तो हळूच म्हणाला, "बाबांसारखं करू नकोस. बोलणं तरी सोडू नकोस."

हे त्यांना वर्मी लागलं. असं लागेल हे ओळखूनच तो ते म्हणाला आहे, हेही कळलं. बाकावरच्या माणसांनी कान टवकारले होते.

"तुझं काही दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही. दुखत काही नाही."

"मग आत यायचं कारण नाही. इथे सगळ्यांना दुखतंय." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मी बोलेन कधीतरी. आज नाही. कधी, ते मी ठरवीन."

दादा तसाच उभा राहिला. बाईंनी बाकावरच्या पुढच्या माणसाला, पाठ धरून बसलेल्या एका ड्रायव्हरला, हाताने आधार देऊन उठवलं आणि आत नेलं. त्याला टेबलावर पालथं झोपवलं, हात धुतले, आणि मग विचारलं, "सांगा, कधीपासून दुखतंय?"

तो सांगू लागला. बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि ऐकत राहिल्या.